धोंडूमामांचा घाट

धोंडूमामा आमच्या घरी पहिल्यांदा आले ते गाडी बघायला. मी घरातली नवी सून, पण माझ्याकडे त्यांनी नंतर पाहिलं.

आमच्या बेटाला स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. क्वात्र बॉर्नमधल्या आमच्या गल्लीत सरकारी नोकरीतली मंडळी एकामागून एक गाड्या घेत होती. माझे यजमान वसंत हायस्कुलात गणित शिकवत आणि मी पोर्ट लुईच्या एका कचेरीत टायपिस्ट होते. आम्ही एका डॉक्टरांची वापरलेली राखाडी गाडी घेतली आणि अंगणात आंब्याखाली उभी केली. वसंतचे मामा पितोंहून दोन बस बदलून आले. खाकी हॅट, पायांत जाड बूट, हातात मामींनी दिलेली लोणच्याची बरणी. बरणी माझ्या हातात ठेवून ते सरळ गाडीकडे गेले. बैलाच्या पाठीवर मारावी तशी चारही टायरांवर त्यांनी थाप मारली, गाडीखाली वाकून बघितलं आणि भाच्याला विचारलं, "डोंगर चढली का कधी?"

"नाही मामा. आत्ताच तर घेतली."

"मंग ही अजून लोतो नाय. पलंग हाय."

लोतो म्हणजे गाडी. मामांच्या मराठीत क्रेओल ही बेटावरची बोली अशी मधूनमधून यायची आणि त्यांना ते कळायचंही नाही. माझं मराठी संध्याकाळच्या वर्गात पुस्तकातून शिकलेलं. मामांचं त्यांच्या आजोबांबरोबर जहाजातून उतरलेलं. सुरुवातीला मला त्यांचं निम्मं कळायचं नाही आणि माझं बोलणं ऐकून ते म्हणायचे, "पोरगी रेडिओवानी बोलते."

मामा रस्तेखात्यात मुकादम होते. खडी फोडण्यापासून सुरुवात करून पस्तीस वर्षांनी मुकादम म्हणून निवृत्त झाले. बेटावरच्या प्रत्येक चढावर त्यांचा हात लागलेला होता, असं ते सांगत नसत, पण तसं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी एक उद्योग काढला होता. ऑगस्टच्या सुट्टीत नात्यागोत्यातल्या आणि ओळखीतल्या गाडीवाल्यांना एकत्र करायचं आणि तीन दिवस डोंगरातून फिरवून आणायचं. सहा-सात गाड्या असत. ज्याची गाडी त्यानेच चालवायची, तंबू ठोकून राहायचं, चुलीवर शिजवायचं. आमच्यासारख्या लोकांनी गाड्या घेतल्या होत्या, पण रविवारी समुद्रावर आणि सणाला सासरी, एवढीच त्यांची धाव. सगळा सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. मामांना ते बघवत नसे.

पहिल्या वर्षी सगळ्या गाड्या सकाळी पितोंला मामांच्या दारात जमल्या. मामी पायरीवर उभ्या राहून सगळ्यांना चहा देत होत्या. त्या कधी सहलीला आल्या नाहीत. कुणी आग्रह केलाच तर म्हणायच्या, "डोंगर त्यांचा, घर माजं." मामा मात्र चहा प्यायच्या आधी प्रत्येक गाडीचं सामान उतरवायला लावत होते. वसंतच्या शाळेतला राजाराम नावाचा शिक्षक होता, नवीकोरी पांढरी गाडी घेतलेला. त्याने टपावर दोन गाद्या, घडीचं टेबल आणि चार खुर्च्या बांधल्या होत्या.

"जेवाया चाललास का लग्न लावाया?" मामांनी विचारलं.

"बायकोला खाली बसायची सवय नाही मामा."

मामांनी त्याच्या बायकोकडे, कमलकडे, पाहिलं. ती म्हणाली, "मला आहे. ह्यांनाच नाही." गाद्या आणि टेबल तीन दिवस मामींच्या पडवीत राहिले.

चहा पिताना मामांची एक खोड माझ्या लक्षात आली. ते पेल्यात चहा ओतताना डाव्या हाताचं बोट पेल्याच्या आत अडकवून ठेवायचे आणि चहा बोटाला लागला की थांबायचे. पोरं हसायची. मामींनी मात्र तिकडे पाहिलंही नाही. आणि प्रवासात ते नेहमी आमच्या गाडीत, पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचे, मान थोडी वळवून, पाखरू दाणा बघतं तशी. मागे सहा गाड्यांची रांग. मामा खिडकीतून हात बाहेर काढून खुणा करायचे. पांढरा रुमाल म्हणजे या, उघडा तळवा म्हणजे थांबा.

निकोलिएरच्या तळ्यापासून चढ सुरू झाला की मामा बदलायचे. एरवी बोलभांड माणूस, तिथे आवाज खाली यायचा. "दुसमां, दुसमां," असं ते वसंतला म्हणत राहायचे. हळू, हळू. प्रत्येक वळणाचा त्यांना स्वभाव माहीत होता. "हे खोटं बोलतं, संपलं असं वाटतं पन संपत नाय." "हे गरीब हाय, घे." "हितं हॉर्न दे, उसाची लॉरी अंग टाकून येते." दोन वळणांमधलं अंतर ते पावलांत सांगायचे. एकशेचाळीस पावलं, मग उजवं. ऐंशी पावलं, मग डावं. गाडीत बसून पावलं मोजणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आणि ते ह्या सगळ्याला घाट म्हणायचे. आमच्या लेखी घाट म्हणजे परी तलावाच्या पायऱ्या, जिथे महाशिवरात्रीला पाणी भरायचं. डोंगरातल्या रस्त्याला घाट म्हणतात हे बेटावर मी फक्त त्यांच्याच तोंडून ऐकलं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आज्या म्हनायचा. त्याच्या गावावरनं घाट दिसायचा म्हने. मी काय बघितला नाय. पन शब्द रिकामा कशाला ठेवायचा?"

पहिल्या रात्रीचा मुक्काम मार ओ व्हाक्वाच्या तळ्याजवळ, पाइनच्या झाडांत. लॉरीच्या ताडपत्र्यांचे तंबू. दुसऱ्या दिवशी प्लेन शांपायनचं पठार ओलांडायचं. तिथे ऑगस्टात धुकं असतं, आमच्याकडे त्याला ब्रुयार म्हणतात. रस्त्याकडेच्या झुडपांवर हंगामाचे शेवटचे लालबुंद चिनी पेरू असायचे. मामा ठरल्या जागी गाड्या थांबवायचे, खिशातून कागदाची पुडी काढायचे, त्यात मीठ आणि कुटलेली मिरची. मग अर्धा तास सगळे, अगदी राजारामसुद्धा, झुडपांत शिरून पोरांसारखे पेरू खायचे. मामा रस्त्यावरच उभे राहायचे. माकडांनी एकदा एका गाडीतून फराट्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या पातळ पराठ्यांचा, अख्खा डबा पळवला तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्या घरातनं जातो आपन. जकात समज."

दुसऱ्या वर्षी परत येताना मामांनी वसंतला विचारलं, "घरात दोन मानसं, मंग लोतो चालवनारे हात दोनच कशे?" वसंत हसला. मी हसले नाही. त्या वर्षी पितोंच्या उसातल्या वाटांवर मी गाडी शिकले. वसंत शिकवायचा आणि मामा बांधावर उभे राहून बघायचे. पुढच्या जूनमध्ये मला लायसन मिळालं. आमच्या गल्लीत गाडी चालवणारी मी पहिली बाई, त्यामुळे सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला. मामांनी मात्र नारळ आणून गाडीपुढे फोडला.

ते तिसरं वर्ष. शामारेलहून काझ नोयालला उतरणारा रस्ता म्हणजे सगळ्या सहलीतला सर्वांत अवघड भाग. डोंगराच्या कुशीतून वळत वळत थेट समुद्रापर्यंत. खाली निळं पाणी दिसत असतं आणि चालवणाऱ्याने ते बघायचं नसतं. उतार सुरू व्हायच्या आधी मामांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना गोळा केलं. ब्रेकला ते फ्रें म्हणायचे. "दुसरा गिअर. फ्रेंवर पाय ठेवून बसायचं नाय. आनि कायबी झालं तर डोंगराकडं घालायची, दरीकडं नाय. डोंगर मारतो, पन सोडत नाय."

राजाराम त्या वर्षी घुश्श्यात होता. दोन दिवस सगळ्यात शेवटी चालवून कंटाळला होता. तिसऱ्या वळणानंतर त्याने आमच्या गाडीला मागे टाकलं. मामांनी खिडकीतून तळवा दाखवला, पण तो पुढे निघून गेला. त्याच्या गाडीत कमल आणि दोन मुली होत्या. मामांनी एवढंच म्हटलं, "वसंता, वास येतोय." मलाही आला, जळक्या रबरासारखा. पुढच्या दोन वळणांपर्यंत तो वाढतच गेला. मग वळून पुढे गेलो तर पांढरी गाडी डोंगराकडच्या चरात तिरकी पडलेली, पुढचा पत्रा खडकाला घासून आत गेलेला. राजारामने ब्रेक दाबला होता आणि पाय पार तळाला गेला होता. शेवटच्या क्षणी त्याला मामांचं वाक्य आठवलं असावं.

मुली रडत होत्या, पण कुणाला लागलं नव्हतं. कमल मुलींना पोटाशी धरून रस्त्याच्या कडेला बसली होती. राजाराम गाडीची किल्ली हातात धरून उभा होता. मला वाटलं, मामा आता त्याला फाडून खातील. मामा चाकाजवळ वाकले, वास घेतला, म्हणाले, "फ्रें शिजले. निवू दे." आणि त्याच्या हाताला धरून दगडावर बसवलं, डब्यातला एक फराटा काढून अर्धा त्याला दिला, अर्धा आपण खाल्ला. "डोंगराकडं घातलीस," एवढंच म्हणाले. राजारामला तेव्हा रडू फुटलं.

चार पुरुषांनी गाडी चरातून बाहेर काढली. चाक फिरत होतं, स्टिअरिंग ठीक होतं. तासाभराने ब्रेकही पुन्हा धरू लागले. मामांनी स्वतः पेडल हाताने दाबून दाबून पाहिलं. पण राजाराम गाडीत बसेना. "मामा, तुम्ही न्या खाली. माझे पाय माझे राहिले नाहीत."

"मी नेत नाय."

"आज तरी नियम बाजूला ठेवा."

"नियम नाय, राजाराम." मामांनी हॅट काढली. "मला चालवता येत नाय."

सात गाड्यांना तीन वर्षं डोंगरातून नेणारा माणूस. आम्ही सगळे समजून चाललो होतो की मामा शेजारी बसतात ते आम्हाला शिकवण्यासाठी. त्यांनी आपल्या डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "हा रिकामा हाय. दगडाच्या खानीत असताना खडीची कपची उडाली. एकवीस वर्षांचा होतो. डाक्तरनं लायसनाला नाय म्हटलं. एका डोळ्याला लांब-जवळ कळत नाय. म्हनून मी चालतो. पावलं खोटं बोलत नायत."

पेल्यातलं बोट मला तेव्हा कळलं.

वसंतने विचारलं, "मामा, आईलाही माहीत नाही?"

"तुज्या मामीला हाय. पुरं झालं."

बाकी सगळ्यांना आपापल्या गाड्या खाली न्यायच्या होत्या. जास्तीचं लायसन एकच होतं. मामा माझ्याकडे वळले. "शांता नेईल."

राजाराम काहीतरी बोलायला गेला. कमल बसल्या जागेवरून म्हणाली, "बाईने नेली म्हणून गाडी बाटणार नाही. बसा मागे." मुलींना घेऊन ती दुसऱ्या गाडीत गेली. राजाराम मागच्या सीटवर, मी स्टिअरिंगवर, मामा शेजारी.

तो उतार मला आजही वळणावळणाने आठवतो. माझी नजर सारखी खाली पाण्याकडे जायची. मामा म्हणाले, "खालचा समुद्र माजा. तू नको बघू. तू हितनं त्या पिवळ्या दगडापातुर बघ. बास." मी पिवळ्या दगडापर्यंत गेले. मग ते म्हणाले, "आता त्या केळीपातुर." मग एका पुलापर्यंत. मग साठ पावलं, आणि डावं. एका वळणावर समोरून लॉरी आली आणि मी डोंगराला चिकटून थांबले. लॉरी गेली तेव्हा कळलं की मी श्वास घेतला नव्हता. "घे," मामा म्हणाले, "मंग सोड. मंग लोतो सोड." खाली समुद्रकाठच्या लहानशा चर्चपाशी गाडी थांबवली तेव्हा तो खाली उतरला, माझ्या दाराशी आला, आणि त्याने दार उघडून धरलं, ड्रायव्हर साहेबासाठी धरतो तसं. मग वळून मामांच्या पाया पडला.

संध्याकाळी फिलावच्या, म्हणजे सुरूच्या, झाडांखाली तंबू लागले. पोरं वाळूत खेळत होती. मामा पाण्याकडे तोंड करून बसले होते. मी चहा नेला. बरोबर भांडं नेलं आणि मी ओतून देणार तोच त्यांनी भांडं माझ्या हातातून घेतलं आणि बोट पेल्यात घालून स्वतः ओतलं. मला जरा वाईट वाटलं. ते त्यांना कळलं असावं. म्हणाले, "चाळीस वर्षं लपवलं, कारन मुकादमाला एक डोळा म्हटल्यावर मानसं दगड चोरतात. मंग सवय लागली. आज बोललो तर हलकं वाटलं नाय. उलट असं वाटतं, आता तुमी मला जपाल."

आम्ही जपलं, ही आमची चूक. पुढच्या वर्षी कुणी त्यांचा हात धरून पायरी उतरवायला लागलं, कुणी चहा ओतून द्यायला लागलं. ते हात झटकायचे नाहीत, पण त्या दिवशी त्या माणसाच्या तंबूकडे फिरकायचे नाहीत. फक्त राजारामने कधी तसं केलं नाही. त्यानंतर प्रत्येक वर्षी तो आपणहून रांगेत शेवटी राहिला, आणि मामा त्याला "माजी शेपूट" म्हणायचे.

ऐंशी सालाच्या सुमाराला सहल चौदा गाड्यांपर्यंत गेली. तेव्हा समुद्रकाठी हॉटेलं उभी राहत होती. एका हॉटेलवाल्याने मामांचं नाव ऐकलं आणि भाड्याच्या गाड्या घेऊन हिंडणाऱ्या परदेशी पाहुण्यांना वाट दाखवण्याचं काम त्यांना दिलं. मामा नवी हॅट घालून गेले. एक जोडपं होतं, त्यांना चार तासांत सगळं बघून परत यायचं होतं. मामा परी तलावापाशी गाडीतून उतरले, त्यांना हात जोडले आणि बसने पितोंला परत आले. मामींनी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "त्यांना डोंगर बघायचा नव्हता. उरकायचा होता."

मग मामी गेल्या. त्या ऑगस्टात सहल होणार नाही असं आम्ही धरून चाललो. मामांनी निरोप पाठवला की होणार. सकाळी आम्ही पितोंला पोचलो तर पायरीवर तेच उभे, हातात किटली. सगळ्यांना चहा त्यांनी दिला. साखर फारच जास्त पडली होती. कमलने दोन पेले मागून घेतले. चढावर त्या वर्षी ते पावलं मोजायला विसरले. वसंतने आठवण करून दिली नाही. गाडी चालवत तोच हळूच बोलला, "एकशेचाळीस, मग उजवं." मामा म्हणाले, "व्हय."

गाड्या पुढे पुढे कमी होत गेल्या. मुलं मोठी झाली, त्यांना तंबू नकोसे वाटायला लागले. रस्ते रुंद झाले, खडीची जागा डांबराने घेतली. मामांचा उरलेला डोळाही अंधुक होत होता. शेवटच्या वर्षी आम्ही तीनच गाड्या होतो. वसंतचे गुडघे दुखायचे म्हणून मी चालवत होते आणि तो मागे आमच्या मुलीशेजारी बसला होता. आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता. शामारेलच्या उतारावर, निम्म्यात, मामा म्हणाले, "थांबव."

मी गाडी कडेला घेतली. ते उतरले. "तुमी व्हा पुढं. मी चालत येतो."

"मामा, खालपर्यंत किती लांब आहे."

"मला नको सांगू किती लांब हाय."

वसंत खाली उतरायला लागला. मामांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला परत बसवलं. मी आरशात पाहिलं. राजारामची गाडी मागे थांबली होती, पण तो काही उतरला नाही. त्याने दिवे एकदा लावले आणि विझवले, आणि तिन्ही गाड्या मामांना सोडून खाली गेल्या.

चर्चच्या बाहेर आम्ही वाट बघत उभे राहिलो. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, दिवाळीनंतर चार दिवसांनी, मामा झोपेतच गेले, आणि आम्ही पितोंला पोचलो तेव्हा त्यांना चितेवर ठेवून झालं होतं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते खरं तर त्या चर्चपाशीच. त्या दिवशी तिथे सव्वा तास गेला. वसंत दोनदा म्हणाला, जाऊन बघू या. राजाराम म्हणाला, थांब.

मग वरच्या शेवटच्या वळणावर ते दिसले. बूट हातात, विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भिजलेली, हॅट मागे सरकलेली. वाटेत रस्त्याखालच्या कुठल्याशा मोरीत अडकलेला पाला त्यांनी काठीने काढला होता, हे मागाहून त्यांनीच सांगितलं. ते रस्त्याच्या अगदी मधोमध चालत होते, रस्ता आपलाच असावा तसे. त्यांच्या मागे, दहा पावलांवर, प्रवाशांनी भरलेली बस पायी चालल्यासारखी सावकाश उतरत होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. खिडक्यांतून माणसं वाकून पुढे बघत होती. मामांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आमच्यापाशी पोचले, बाजूला झाले, आणि बस त्यांच्या जवळून पुढे गेली.

"चहा हाय का?" त्यांनी विचारलं.